गायरानाचा कर्ब

माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ या ओळीपुढे छापून येणाऱ्या टक्क्याचं मूळ 1934 सालात आहे. त्या वर्षी वॉकली आणि ब्लॅक यांनी रीत बसवली. चाळलेल्या मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल घालायचं. कर्बाशी क्रिया होताना नारिंगी द्रावण हिरवट होत जातं, त्यावरून हिशेब मांडायचा.

शेताच्या वरच्या थराला ही रीत पुरते. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर मात्र नुसता टक्का फसवतो. जांभ्यावर जागोजागी वीतभरही माती नाही, त्यात खडे चाळणीवरच राहतात. खालच्या मूठभर मातीत कर्ब भरपूर निघाला, तरी एकरी साठा काढताना खोली, घनता आणि खड्यांचा वाटा धरावाच लागतो. उलट शिरोळच्या खोल काळ्या मातीत टक्का कमी असूनही साठा जास्त भरू शकतो.

चराऊ रानात कर्ब येतो मुख्यतः मुळांतून. पवन्या, मारवेल ही बहुवर्षायू गवतं. त्यांची काही मुळं दरवर्षी मरतात, कुजतात आणि मातीच्या कणांना धरून राहतात. चराई अती झाली की ही गवतं हटतात, कुसळी माजते. मुळांची भर कमी पडते, उघडी माती पावसात वाहून जाते.

शेणाची वाट निराळी. गायरानात पडलेलं शेण बायका पाटीत गोळा करत, शेणी थापत. पंचगंगेकाठच्या स्मशानात आजही शेणी लागतात. 1963 साली कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला ‘गोकुळ’, स्थापन झाला. दुधाचा धंदा वाढला तशी म्हैस दावणीला आली, पुढ्यात उसाचं वाडं पडलं. तिचं शेणखत उसाच्या रानात जाऊ लागलं. गायरानाच्या वाट्याला काय आलं, हे कुणी विचारलं नाही.

2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, तेव्हापासून चर्चा आहे ती हद्दीची. 2015 साली मृद आरोग्य पत्रिका आली, ती शेतकऱ्याच्या शेतासाठी. गायरानाला खातेदार नाही, मग नमुना देणार कोण? माझ्या मते तो ग्रामपंचायतीने द्यावा, आणि एकच ढीग करून देऊ नये. दुपारी गुरं बसतात त्या झाडाखालची माती, पाणवठ्याच्या वाटेवरची आणि गवत टिकलेल्या उताराची वेगवेगळ्या पिशव्यांत भरावी, प्रत्येकीवर खोली लिहावी.