खाँसाहेबांची पट्टी कोणती? मिरज, सातारा आणि ७८ फेऱ्यांचा प्रश्न

अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’ ही भैरवी ऐकलेली नाही असा किराणा घराण्याचा चाहता सापडणे कठीण. परंतु त्या चाहत्यांपैकी फार थोड्यांनी तिची मूळ तबकडी ऐकलेली असते. बहुतेकांच्या कानी येते ती एलपी, कॅसेट किंवा सीडी, आणि आता सीडीवरून संगणकावर चढवलेली प्रत. म्हणजे नकलेची नक्कल. तेव्हा त्या आवाजात खाँसाहेब किती आणि नक्कल करणारा किती, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा. जुन्या पोथीची छापील आवृत्ती हाती आली की संपादकाने पाठ कसा ठरवला हे आपण आधी पाहतो. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मात्र हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न सातारा-सांगली भागासाठी विशेष महत्त्वाचा आहे. कैराण्यात जन्मलेले खाँसाहेब अखेरीस मिरजेचे झाले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रास इलाख्यात प्रवासात असताना सिंगपेरुमाळ कोईल या रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन मिरजेतच, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात करण्यात आले. आणि याच भागात, त्यांच्याच गळ्याच्या साहाय्याने, स्वराची मोजदाद करण्याचा एक विलक्षण प्रयत्न झाला होता.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलांचे वडील बंधू. डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी बावीस श्रुतींचा ध्यास घेतला. तारेची लांबी मोजून प्रत्येक श्रुतीचे गुणोत्तर काढायचे आणि ते खाँसाहेबांसारख्या गवयाच्या गळ्याशी ताडून पाहायचे, असा त्यांचा खटाटोप होता. त्यातून १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाबरोबर त्यांनी साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था स्थापन केली. याच प्रयत्नातून श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली आणि तिच्यावरून वादही झाला. तो वाद हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. येथे लक्षात ठेवायचे ते एवढेच, की या मंडळींच्या हिशेबात सर्वांत लहान अंतर होते प्रमाणश्रुतीचे, म्हणजे ८१ : ८० या गुणोत्तराचे. सव्वा टक्क्याचा फरक.

आता ध्वनिमुद्रिकेकडे वळू. १९३०च्या दशकाच्या मध्यावर खाँसाहेबांनी ओडियन कंपनीसाठी गायन मुद्रित केले. आज जे सीडीवर ऐकू येते ते मुख्यतः तेच. या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेत वाजवायच्या, असा सर्वसाधारण समज आहे. मुद्रण करणारे यंत्र तरी ७८ फेऱ्यांनीच फिरत होते का? १९२५ पूर्वीच्या काळात कंपन्यांचा वेग सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठेही असे. विजेवरचे मुद्रण आल्यावर शिस्त वाढली, पण प्रत्येक मुक्कामी तात्पुरत्या उभारलेल्या सामग्रीवर ती सारखीच पाळली गेली असे गृहीत धरता येत नाही. तबकडीवर वेग कोरलेला नसतो. पुढे एलपी किंवा सीडी काढणारा तंत्रज्ञ काटा ७८ वर ठेवतो आणि मोकळा होतो.

गणित सोपे आहे. ७८ आणि ७७ यांतला फरक सुमारे १.३ टक्क्यांचा, म्हणजे जवळजवळ नेमकी एक प्रमाणश्रुती. मिनिटाला एक फेरा चुकला की देवलांनी जे अंतर पकडण्यासाठी वर्षे घालवली, तेवढ्याने सगळे गाणे वर सरकते. साडेचार फेऱ्यांच्या आसपास चूक झाली की पूर्ण अर्धा स्वर जातो : काळी दोनमध्ये गायलेले गाणे पांढरी तीनमध्ये ऐकू येते. मुद्रण ७४ फेऱ्यांवर झाले असेल आणि तबकडी ७८ वर वाजवली, तर साडेतीन मिनिटांच्या गाण्यातले दहा-अकरा सेकंद नाहीसे होतात. तान अधिक चपळ वाटते, मींड आखूड होते, आणि आकार निमुळता होतो, कारण वेगाबरोबर स्वराची उंचीच केवळ बदलत नाही. गायकाचा कंठ आणि मुखपोकळीच जणू लहान झाल्यासारखी ऐकू येते.

खाँसाहेबांचा आवाज मुळात उंच आणि बारीक होता, यात वाद नाही. त्यातला किती उंचपणा त्यांचा आणि किती काट्याचा, हे प्रत्येक तबकडीपुरते वेगळे ठरवावे लागेल. ‘किराणा म्हणजे असा रेशमी, टोकदार आवाज’ अशी व्याख्या सीडी ऐकून करणाऱ्यांनी तेवढा सावधपणा बाळगलेला बरा.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. वेग चुकला पण स्थिर राहिला, तर सगळे स्वर एकाच प्रमाणात सरकतात. षड्ज आणि गंधार यांच्यातले गुणोत्तर तेच राहते. म्हणून चुकीच्या वेगाच्या सीडीवरूनही खाँसाहेबांच्या श्रुती मोजता येतात. खरा घात करते ते तबकडीचे भोक. ते मध्यापासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलेले असले, तरी आतल्या खाचांत, केंद्रापासून सहा सेंटीमीटर अंतरावर, वेग दर फेऱ्याला सुमारे ०.८ टक्क्याने वर आणि तेवढाच खाली जातो. दोन्ही मिळून हे अंतर प्रमाणश्रुतीपेक्षा मोठे. सुईचा प्रवास बाहेरून आत होत असल्याने हा दोष गाण्याच्या अखेरीस वाढतो. पाऊण सेकंदाला एक, अशा संथ लाटा षड्जावरच्या ठेहरावात ऐकू येऊ लागल्या, तर ते आंदोलन गायकाचे समजू नये. नक्कल करताना तबकडी नीट मध्यावर बसवणे एवढाच याचा उपाय, आणि तो कष्टाचा असल्याने बहुधा टाळला जातो.

हा प्रश्न केवळ मिरजेचा नाही. खाँसाहेबांच्या तबकड्या निघत होत्या जवळपास त्याच काळात अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात रॉबर्ट जॉन्सन हा तरुण ब्लूज गायक मुद्रण करत होता : नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोत आणि जून १९३७ मध्ये डॅलसला. एकूण २९ गाणी. १९३८ साली, २७ व्या वर्षी तो वारला. १९६१ मध्ये त्या गाण्यांची एलपी निघाली आणि ती ऐकून एरिक क्लॅप्टनसारखी इंग्लंडमधली पोरे वेडी झाली. ब्लूज-रॉकची एक मोठी शाखा त्या एका पुनर्मुद्रणातून फुटली. १९९० मध्ये सीडींचा संच आला. पुढे काही श्रोत्यांनी दावा केला, की मूळ मुद्रिकाच वीस टक्क्यांपर्यंत वेगवान आहेत. खरा जॉन्सन याहून खालच्या पट्टीत, संथ गात असला पाहिजे. अनेक जाणकारांना हे पटलेले नाही, आणि वीस टक्के म्हणजे तीन अर्धस्वरांहून अधिक, हे पाहता त्यांची शंका रास्त दिसते. तरीही नोंद घ्यावी असे हे, की क्लॅप्टनच्या पिढीने ज्याचे अनुकरण केले तो जॉन्सन तबकडीतलाच होता. आपल्याकडे भीमसेन जोशींनी लहानपणी खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून गाण्यासाठी घर सोडले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिथेही कानावर पडला होता तो कर्ण्यातून आलेला आवाज.

वेगानंतर खरखर. ती तबकडीच्या द्रव्यातच असते. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळून तबकडी दाबली जाई. ही लाख बहुतांशी भारतातूनच जात असे. भुकटीचा हेतू असा, की पोलादी पिन घासून खाचेच्या आकाराची व्हावी. त्या घासण्याचा आवाज म्हणजे खरखर. सीडीच्या काळात ती श्रोत्यांना सहन होईना. सीडीचे माध्यम १९८२ मध्ये बाजारात आले ते निर्मळपणाची ग्वाही देतच. मग जुनी गाणी त्यावर आणताना खरखर पुसणे ओघाने आले. पुसण्याचा सोपा मार्ग म्हणजे सेकंदाला चार हजार कंपनांच्या वरचे सगळे कापून टाकणे.

आणि इथे मिरज पुन्हा मध्ये येते. तंबोरे आणि सतारी घडवण्याचा एकोणिसाव्या शतकापासूनचा मिरजेचा व्यवसाय प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागिराचे खरे कसब जवारीत. घोडीवर दोरा सरकवून तारेतून स्वयंभू स्वरांचा झोत काढायचा. जोडीच्या तारेचा सूर सेकंदाला १४० कंपनांचा धरला, तर तिसावा स्वयंभू स्वर ४,२०० वर येतो. म्हणजे खरखर पुसणारी चाळणी जे कापते त्यातच जवारीचा वरचा भाग, ‘स’ आणि ‘श’ यांचा उच्चार, श्वासाची चाहूल आणि तबल्याच्या चाटेची धार हे सारे जाते. उरतो तो स्वच्छ, गुळगुळीत आणि पांघरुणाखालून आल्यासारखा आवाज. दोष सीडीचा नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट एवढी तिची क्षमता लाखेच्या तबकडीला पुरून उरते. दोष आहे भरणाऱ्याचा. खरखरीसकट दिलेली नक्कल अधिक प्रामाणिक. कारण मानवी कान काही मिनिटांत खरखर मागे टाकायला शिकतो, पण कापून टाकलेला स्वर त्याला परत आणता येत नाही.

पट्टी ठरवण्याची साधने आहेत. सर्वांत उपयोगी म्हणजे साथीची पेटी किंवा ऑर्गन. पलूस तालुक्यातल्या नागठाण्यात १८८८ साली जन्मलेल्या बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका या दृष्टीने पाहाव्यात. नाटकाच्या पदांना ऑर्गनची साथ असे, आणि ऑर्गनच्या पट्ट्या कारखान्यातच सुरात बांधलेल्या असतात. गाण्याचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध पडू लागला, तर एक तर वाद्य निराळ्या मानाने लावलेले किंवा काटा चुकलेला. एकाच बैठकीतल्या चार-सहा तबकड्या शेजारी ठेवल्या की बहुधा उलगडा होतो. याच पेटीला देवल-क्लेमंट्स मंडळी बेसूर ठरवत होती. आज तिच्याच आधारे त्या काळच्या गळ्यांची उंची ताडून पाहावी लागते. फार जुन्या तबकड्यांवर आणखी एक खूण असते. गाणे संपताच गायक स्वतःचे नाव मोठ्याने सांगतो. परदेशातल्या कारखान्यात दाबणाऱ्यांना ओळख पटावी म्हणून ही सोय होती. बोलण्याचा आवाज गाण्यापेक्षा वेगाची चूक लवकर उघडी करतो.

टेप आल्यावर ही अडचण बरीच मिटली. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे ज्या काळात घराघरांत पोचले, तेव्हा मुद्रण आधी टेपवर होई आणि तबकडी नंतर निघे. मूळ टेप शाबूत असेल तर चांगली सीडी काढणे हे काळजीचे काम आहे, संशोधनाचे नाही. खाँसाहेबांच्या बाबतीत मात्र हाताशी बहुधा झिजलेली तबकडीच असते, आणि ती कोणत्या सुईने वाजवली यावरही निकाल ठरतो. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला एलपीच्या सुमारे तिप्पट जाडीची सुई लागते. बारीक सुई तळाशी घासत जाते आणि सगळी खरखर गोळा करते.

हे जपण्याचे काम बरेचसे हौशी संग्राहकांनी केले. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली आणि तिने तबकड्यांच्या याद्या आणि लेख छापले. मायकेल किनिअर या अभ्यासकाने २००३ मध्ये खाँसाहेबांचे चरित्र आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची सूची एकत्र प्रसिद्ध केली. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा दंडक असा, की तबकडीची पहिली नक्कल कोणतीही साफसफाई न करता, किमान २४ बिट आणि ४८,००० नमुन्यांवर घेऊन ठेवावी. पुसापुशी करायची ती दुसऱ्या प्रतीवर. सीडीच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र, रागाचे नाव, तालाचे नाव असते. नक्कल कोणत्या तबकडीवरून, कोणत्या वेगाने, काय पुसून केली, या तीन ओळी तिथे क्वचितच दिसतात.

तोवर एक प्रयोग घरी करता येतो. एकाच गाण्याच्या दोन वेगवेगळ्या सीडींवरच्या प्रती घ्याव्यात, मोबाइलवरचा तंबोरा पहिल्या प्रतीच्या षड्जाला लावावा आणि तो तसाच ठेवून दुसरी प्रत सुरू करावी. नंतर दोन्हींचा कालावधी सेकंदात लिहून एकाला दुसऱ्याने भागावे. आधीची-नंतरची शांतता वगळून उत्तर १.०१ च्या पुढे गेले, तर कोणाचा तरी काटा फिरलेला आहे.