नानांची आगगाडी

परवा फराळाच्या वेळी आमच्या नातीने वृंदावनातल्या तुळशीकडे बोट दाखवून, झाड उन्हात आपले अन्न कसे तयार करते, ते अस्खलित इंग्रजीत सांगितले. आजी कौतुकाने म्हणाली, "आता मला मराठीत सांग गं." पोर अडखळली. ताटातली चकली संपली, पण उत्तर काही आले नाही.

मला नाना शंकरशेट आठवले. नाना आपल्या कल्याणपलीकडच्या मुरबाडचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, तिच्या खटपटीत नाना होते आणि त्या दिवशी डब्यातही होते. मुंबईत नवे शिक्षण रुजवण्यातही ते पुढे होते. पण १८४७ साली सरकारी शिक्षण मंडळात वाद पेटला, तेव्हा अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने उभे राहिले आणि नाना कर्नल जर्व्हिस यांच्यासह देशी भाषांच्या. नानांना इंग्रजीचे वावडे मुळीच नव्हते. विद्या मूठभरांपुरती न राहता घरोघर जायची, तर ती लोकांच्या भाषेतूनच जाईल, एवढेच त्यांचे म्हणणे.

१८५४ साली गाडी कल्याणला पोचली. त्याच वर्षी वुडसाहेबाचा खलिता आला: वरच्या शिक्षणाला इंग्रजी, सामान्य जनतेला देशी भाषा. ही वाटणी बरीच वर्षे टिकली. पुढे १९९१ साली देशाने बाजारपेठ जगाला खुली केली, आणि २००० साली मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली.

दोष कुणाला देऊ? मी डोंबिवलीत जन्मभर मराठीतून विज्ञान शिकवले आणि स्वतःच्या मुलाला मात्र इंग्रजी शाळेत घातले! आज तो रात्र जागून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची कामे करतो. घराचे हप्ते त्यावरच फिटतात. इंग्रजीने आम्हांला भाकरी दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण नातीची विद्या दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. नानांना हीच तर भीती होती.

भाऊबीजेला आम्ही दोघे माझे जुने पुस्तक घेऊन बसलो. 'हरितद्रव्य' हा शब्द तिला फार आवडला. धावत जाऊन तिने आजीला सगळे समजावले. आजीने शांतपणे विचारले, "मग रात्री झाड उपाशीच झोपते का गं?"

पोर पुन्हा पुस्तक उघडून बसली आहे.