गुर्लहोसूरचे दोन किर्लोस्कर

प्रबोधनकाल म्हटला की, आपल्या डोळ्यांसमोर मुंबई आणि पुणे ही दोन नगरे उभी राहतात. विद्यापीठे तेथे, वृत्तपत्रे तेथे, सभासंमेलनेही तेथेच. तेव्हा नव्या विचारांचा उगमही तेथेच झाला असावा, असा आपला समज असतो. परंतु बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर नावाच्या एका लहानशा गावाने या समजास चांगलाच छेद दिला आहे. एकाच घराण्यातील दोन पुरुष या गावाने महाराष्ट्रास दिले. एकाने रंगभूमीस नवा सूर दिला, दुसऱ्याने शेतकऱ्याच्या हाती नवा नांगर दिला.

किर्लोस्कर घराण्याचे मूळ स्थान कोकणातील किर्लोसी. घाट ओलांडून ते देशावर आले आणि कानडी मुलखात स्थिरावले. गोमंतकातून आपल्या देवदेवतांसह बाहेर पडलेल्या आणि रामघाट चढून बेळगाव प्रांती गेलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांची कथा याहून वेगळी नाही. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी, अशी त्या मुलखाची रीत. ज्याच्या कानावर लहानपणापासून दोन भाषांचे सूर पडतात, त्याला परक्या वस्तूचे भय कमी वाटते.

बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी झाला. त्याच वर्षी सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, हा योगायोग लक्षणीय होय. भाव्यांच्या त्या उद्योगाला प्रेरणा मिळाली ती कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांतून. म्हणजे मराठी नाटकाच्या जन्मवेळी कानडी सुईण हजर होती, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे अण्णासाहेबांनी बेळगावात शिक्षकाची आणि नंतर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत कारकुनाची नोकरी केली. दिवसा सरकारी कागद आणि रात्री पदांच्या चाली, असे त्यांचे आयुष्य चालले होते.

त्या काळच्या पौराणिक खेळांत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. पात्रे बहुधा आयत्या वेळी सुचेल तसे भाषण करीत. पुण्यात एका पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ अण्णासाहेबांच्या पाहण्यात आला, आणि मराठीतही असे का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगले. भाषण लिहिलेले, आणि पद ज्या पात्राचे त्यानेच गायिलेले. १८८२ साली ‘सौभद्र’ आले. कथा महाभारतातील, सर्वांस ठाऊक असलेली. चाली मात्र कीर्तनातील साकी-दिंडीपासून लावणीपर्यंत आणि कानडी पदांपासून शास्त्रोक्त रागांपर्यंत, जिथे गोडवा आढळला तिथून उचललेल्या. नवेपण होते ते जुळणीत. सुभद्रा कानडी वळणाच्या चालीवर गाऊ लागली म्हणून कोणा मराठी प्रेक्षकास ती परकी वाटली नाही.

२ नोव्हेंबर १८८५ रोजी अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी अण्णासाहेब निवर्तले. ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. पण लाविलेले झाड वाढत गेले. बेळगावात शिकलेले आणि अण्णासाहेबांच्या सहवासात वाढलेले गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आणून, म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी मुलगी बांधण्याच्या रूढीवर त्याच संगीताच्या साधनाने प्रहार केला. आपल्या मंगेशीचे सुपुत्र दीनानाथ मंगेशकर तरुणपणी किर्लोस्कर मंडळीतच होते. गोमंतकातील देवालयांच्या मंडपांत उत्सवाच्या रात्री ‘सौभद्र’ पाहिलेल्या महाजन कुटुंबांस त्याची थोरवी निराळी सांगावयास नको.

त्याच घराण्यातील लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी झाला. त्यांनी मुंबईस चित्रकलेचे शिक्षण आरंभिले, परंतु रंग ओळखण्यात दृष्टीचा दोष आढळल्याने ती वाट सोडावी लागली. मग यांत्रिक रेखाटन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्यास मिळाली, आणि त्यांनी ती नोकरी सोडली. बेळगावात वडील बंधू रामूअण्णांसह १८८८ साली सुरू झालेले सायकलींचे दुकान होतेच. रेल्वे याच दशकात बेळगावास पोहोचलेली. सायकल हे त्या वेळी श्रीमंतांचे नवलाईचे वाहन. विकत देणे आणि चालविण्यास शिकविणे, दोन्ही कामे त्या दुकानात होत.

दुकानाचा कारखाना झाला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि १९०३ साली लोखंडी नांगर. येथे खरी कसोटी लागली. लाकडी नांगराचा फाळ लोखंडाचा चाले. पण संपूर्ण नांगरच लोखंडाचा झाला, तर जमिनीस विष बाधेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. जो शेतकरी वर्षाच्या पोटासाठी एका पिकावर अवलंबून असतो, त्याने नव्या अवजारास भ्यावे यात नवल नाही, आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार तर कोणासच नाही. लाकडी नांगर माती फोडतो. लोखंडी नांगर ती पलटतो, हरळीची मुळे वर काढतो आणि खालची माती उन्हास दाखवितो. हे व्याख्यानाने पटणारे नव्हते. ते शेतात दिसावे लागले. पीक उभे राहिले तेव्हा विषाची भीती आपोआप ओसरली.

पण नांगर मान्य होऊ लागला, तोच कारखान्याची जागा गेली. नगरपालिकेच्या उपनगर-योजनेसाठी ती सोडावी लागली. त्या सुमारास औंध येथील देवालयाच्या मंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. त्यांची अडचण समजताच औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळ सुमारे ३२ एकर जमीन आणि कर्जाऊ रक्कम देऊ केली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मीळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. ज्या तोफांनी माणसे मारावयाची, त्यांच्या धातूतून पिके उभी राहिली. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा दंडक होता. १९२० साली तेथूनच शंकरराव किर्लोस्करांनी मासिक काढले आणि १९३० साली ‘स्त्री’. यंत्राच्या पाठोपाठ विचारही घरोघर गेला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी कालवश झाले. पुढे पाचच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. त्या दिवसापासून या मुलखाचे नाव घेतले की लोकांस सीमाच आठवते. जे दुःख तेथील मराठी माणसाने सोसले, ते लहान नाही. तरीही त्याच मुलखाचा हा दुसरा इतिहास विसरला जाऊ नये. कानडी चालीवरचे पद महाराष्ट्राने आपले मानले. बेळगावात घडलेला नांगर मराठी आणि कानडी शेतकऱ्यांनी सारख्याच ममतेने धरला.

दोघाही किर्लोस्करांनी जुने मोडून नवे उभारले नाही. एकाने जुन्या कथेला नवा कंठ दिला, दुसऱ्याने जुन्या कामाला नवे अवजार दिले, आणि दोघांनीही लोकांच्या शंकेस रागावून उत्तर दिले नाही. आपल्या देवालयांतही दिवा तोच राहिला आणि समईच्या जोडीस विजेचा प्रकाश आला. गाभारा तोच राहिला आणि मंडप वाढला. पुढील पिढी काही नवे घेऊन दाराशी येईल, तेव्हा वडीलधाऱ्यांनी गुर्लहोसूरचे स्मरण करावे. आणि त्या पिढीनेही ध्यानी ठेवावे की, पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली होती.