चार फोटो, सहा फाशी

5 जून 2003, रात्री साडेदहाच्या सुमारास
नाशिक जिल्ह्यातल्या एका झोपडीत दरोडेखोर शिरतात. पाच जण मारले जातात. त्यांतल्या पंधरा वर्षांच्या मुलीवर त्याआधी अत्याचार होतो. आई आणि एक मुलगा तेवढे जखमी अवस्थेत वाचतात. मारेकऱ्यांचे चेहरे पाहिलेली जिवंत माणसं ही दोनच.

7 जून 2003
घटनेला पुरते दोन दिवसही झालेले नाहीत. पोलीस आईसमोर दफ्तरातल्या सराईत गुन्हेगारांचे फोटो ठेवतात. ती चार फोटोंवर बोट ठेवते. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर तशी नोंद होते.

या घटकेला तपासाच्या हातात चार चेहरे आहेत. चेहऱ्याची आठवण दिवसागणिक विरते आणि ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टी तिच्यात मिसळत जातात. म्हणून पहिली ओळख सर्वांत मोलाची. ती चुकीचीही असू शकते; पण तपासून पाहिल्याशिवाय ती बाजूला ठेवता येत नाही.

पुढचे आठवडे
अटक होते ती दुसऱ्याच सहा जणांना. सगळे भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले मजूर. एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. फोटोतल्या चौघांचा तपास होत नाही.

अटकेनंतर साक्षीदारासमोर संशयितांची ओळख परेड घेतात. तिचे नियम तेव्हाही होते. संशयित एक असेल तर त्याच्यासारखी दिसणारी किमान सहा माणसं रांगेत हवीत. एका परेडमध्ये दोनपेक्षा जास्त संशयित नकोत. पोलिसांनी तिथे थांबायचं नाही. एक गोष्ट मात्र आजही सक्तीची नाही, आणि ती व्हायलाच हवी: परेड घेणाऱ्यालाच संशयित कोण हे माहीत नसावं. माहीत असलं की नजर नकळत तिकडे वळते आणि साक्षीदाराला ते कळतं. साक्षीदाराला किती खात्री वाटते, हेही त्याच क्षणी, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायला हवं. महिन्यांनंतर कोर्टात ही खात्री बरीच वाढलेली असू शकते.

न्यायालय, नाशिक
खटला दोन जखमी साक्षीदारांवर उभा राहतो. दोघं आरोपींना ओळखतात. पिंजऱ्यात उभी असतात तीच सहा माणसं. निवडायला दुसरं कोणी नसतं. खोटं बोलायचं या दोन साक्षीदारांना काही कारण नाही. त्यांनी जे सोसलं ते पाहता त्यांच्या शब्दावर संशय घेणं कोणालाही जड जावं.

12 जून 2006
सत्र न्यायालय: सहाही जणांना फाशी. 7 जूनची नोंद निकाल थांबवत नाही.

22 मार्च 2007
मुंबई उच्च न्यायालय: तिघांची फाशी कायम, तिघांना जन्मठेप.

30 एप्रिल 2009
सर्वोच्च न्यायालय: जन्मठेप झालेल्या तिघांनाही फाशी. पुन्हा सहाच्या सहा. तीन पायऱ्यांवर तीन वेळा ती नोंद पुढे येऊ शकली असती.

2 सप्टेंबर 2014
एका वेगळ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय ठरवतं की फाशीच्या पुनर्विलोकन याचिका खुल्या न्यायालयात ऐकल्या जातील. सहा जण अजून तुरुंगात आहेत.

ऑक्टोबर 2018
पुनर्विलोकनात सर्वोच्च न्यायालय स्वतःचाच 2009 चा निकाल मागे घेतं. अपिलं पुन्हा ऐकायची ठरतात.

5 मार्च 2019
न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांचं खंडपीठ कागद पहिल्यापासून वाचतं. आईने फोटोवरून चौघांना ओळखलं होतं. त्यांना अटक नाही, त्यांचा तपास नाही. सहाही जण निर्दोष. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईची सूचना. आणि आणखी एक आदेश: 7 जून 2003 रोजी ओळखलेल्या त्या चौघांचा तपास करा.