पत्र आलं का?

आज आम्ही गप्पा मारणार आहोत पत्राच्या. तुम्ही म्हणाल, मोबाइलच्या काळात पत्राचं काय काढलं? तर त्याचं असं झालं, मागच्या बैठकीत आमच्या बचत गटातल्या एक आजी बोलून गेल्या, "आमचे हे बोटीवर होते. पत्र आलं की शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे. मास्तर मधेच थांबले की माझ्या पोटात गोळा यायचा. आणि हसले, की मान वर करायची सोय नाही."

आम्ही सगळ्या हसलो. पण घरी जाताना मनात आलं, नवऱ्याचं आपल्याला आलेलं पत्र, आणि आधी वाचणार तिसराच माणूस! मग युद्धाच्या काळात बोटीवरच्या माणसाची ख्यालीखुशाली घरी कळत तरी कशी होती? दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या नौदलाची हकिगत वाचायला मिळाली, तीच आज सांगतो.

तिथल्या पोरापोरींना लिहिता-वाचता येत होतं. पण म्हणून पत्र दोघांतच राहायचं असं नाही. बोटीवरच्या खलाशानं आपल्या आवडत्या मुलीला पत्र लिहिलं, की पाकीट न चिकटवता ते बोटीवरच्या अधिकाऱ्याकडे द्यायचं. अधिकारी ते वाचणार. बोट कुठे आहे, कुठे निघाली, सोबत कोणत्या बोटी आहेत, यातलं काही लिहिलेलं असेल तर तेवढं ब्लेडनं कापणार, नाहीतर काळं करणार. पत्र शत्रूच्या हाती लागलं तर बोटच बुडायची, ही भीती खरी होती. पण ज्याच्या हाताखाली दिवसभर राबायचं, त्यानंच आपलं प्रेमाचं पत्र वाचायचं! किती जणांची लेखणी तिथेच अडखळली असेल, विचार करा.

इकडून जाणाऱ्या पत्राची तऱ्हा वेगळी. मुलीला बोटीचा ठावठिकाणा माहीतच नसे. पत्त्यावर खलाशाचं नाव, बोटीचं नाव आणि न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्को इथलं नौदलाचं टपालघर, एवढंच. तिथून पत्र बोटीच्या मागे या बंदरातून त्या बंदरात फिरायचं. आठवडेच्या आठवडे काही नाही, आणि मग एका दिवशी गठ्ठाच हाती यायचा, तोही उलटसुलट. आजारी पडल्याचं पत्र मागाहून आणि बरी झाल्याचं आधी! म्हणून पुष्कळ जोडपी पत्रांवर क्रमांक घालत. गठ्ठा आला की आधी क्रमानं लावायचा, मग वाचायला बसायचं. सातवं आलं आणि सहावं नाही, म्हणजे एक वाटेत आहे किंवा समुद्रात गेलं, हेही कळायचं.

टपाल इतकं वाढलं की विमानात, बोटीत जागा पुरेना. मग जून १९४२ मध्ये अमेरिकेनं 'व्ही-मेल' सुरू केली. ठरावीक कागदावर एका बाजूला लिहायचं. त्या कागदाचा फोटो बारीक फिल्मवर घ्यायचा, फिल्म विमानानं पाठवायची आणि तिकडे पुन्हा छापून तळहाताएवढं पत्र द्यायचं. ३७ पोती टपाल एका पोत्यात मावू लागलं. जिथे सुमारे ११७० किलो वजन व्हायचं, तिथे २० किलोत काम भागू लागलं. पण फोटोच जाणार म्हटल्यावर पत्रात वाळलेलं फूल नाही, केसाची बट नाही. मुली कागदावर ओठांचा ठसा उमटवत, तर ती लाली यंत्राला चिकटून यंत्र अडायचं. तसं करू नका, असं त्यांना सांगावं लागलं!

मैत्रिणींनो, पत्र उशिरा येणं परवडलं. पत्रं यायची बंद होणं, ते फार वाईट. आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावचे सलिव्हन कुटुंबातले पाच भाऊ 'जूनो' या एकाच युद्धनौकेवर होते. एकत्र ठेवाल तरच येतो, म्हणून भरती झालेले. धाकट्या अल्बर्टची बायको आणि लहानगा मुलगा घरी होते. १३ नोव्हेंबर १९४२ ला बोट बुडाली. ६८० हून जास्त माणसं गेली. सरकारनं बातमी दाबून ठेवली. घरी एवढंच कळत होतं, की पत्रं येत नाहीत. गावात कुजबुज सुरू झाली. तेव्हा आई अलेटा सलिव्हन यांनी जानेवारी १९४३ मध्ये स्वतः नौदलाला पत्र लिहून विचारलं, ऐकतेय ते खरं आहे का? १२ जानेवारीला नौदलाची माणसं दारात आली. पाचही मुलं गेली होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या आईला पत्र लिहिलं. त्या पत्रानं दुःख काही हलकं झालं नसणार. पण कुजबुजीवर न थांबता सरकारला सरळ विचारायची ताकद त्या बाईच्या हातात होती, कारण लेखणी तिच्या हातात होती.

आता आपल्याकडे या. 'जूनो' बुडाली त्याच्या दोनच दिवस आधी, ११ नोव्हेंबरला, हिंदी महासागरात आपल्या नौदलाची 'बेंगॉल' ही लहानशी बोट दोन जपानी जहाजांशी झुंजत होती. त्या काळी आपल्या नौदलात रत्नागिरीकडची पुष्कळ मुलं होती. मुंबईहून सुटणाऱ्या मालाच्या बोटींवरही कोकणचे खलाशी होते. त्यांच्या घरीही कुणी वाट बघतच होतं. पण १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांत जेमतेम नऊ जणींना लिहिता-वाचता येत होतं. म्हणजे बाकीच्यांनी मनातलं बोलायचं ते दुसऱ्याच्या हातानं, आणि ऐकायचं ते दुसऱ्याच्या तोंडून. सासऱ्यासमोर, मास्तरांसमोर कोण काय सांगणार? 'इकडे सर्व खुशाल' एवढंच. तिकडे पत्र कापायला अधिकारी होता. इकडे आपली बाई आपलंच बोलणं आधीच कापून टाकत होती.

म्हणून एक सांगणं आहे. घरात जुनं पत्र, मनीऑर्डरची पावती असेल तर रद्दीत घालू नका, बैठकीला आणा. आणि जिला अजून बँकेचा कागद किंवा फोनवरचा निरोप दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, तिनं लाजू नये. आमच्या गटात दर बुधवारी संध्याकाळी आम्ही पाटी घेऊन बसतो.

आजीही येतात. अक्षरं जुळायला लागली आहेत त्यांची. ट्रंकेतला पत्रांचा गठ्ठा त्यांनी वर काढून ठेवलाय. आम्ही विचारलं, पहिलं कोणतं वाचणार? म्हणाल्या, "मास्तर हसले होते, ते."