जुहूची आखूड धावपट्टी

मुंबईतील जुहू विमानतळाची सुरुवात 1928 मध्ये झाली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन 'पस मॉथ' या एक-इंजिनी विमानाने येथेच उतरले. अशा हलक्या विमानांना धावपट्टीची लांबी पुरत असे. त्रास होता तो पाण्याचा. खाजणाची ही जमीन पावसाळ्यात बुडे आणि टाटांना आपली विमानसेवा पुण्याला हलवावी लागे.

महायुद्धानंतर विमाने जड झाली आणि 1948 मध्ये प्रवासी वाहतूक सांताक्रूझला गेली. जुहूची मुख्य धावपट्टी सुमारे 1140 मीटर लांब आहे. सांताक्रूझची आजची मुख्य धावपट्टी तिच्या सुमारे तिप्पट आहे. दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ पूर्व-पश्चिम असून त्यांच्यात काही किलोमीटरचेच अंतर आहे. त्यामुळे नजरेने धावपट्टी शोधणाऱ्या वैमानिकाची गफलत होऊ शकत असे.

15 जुलै 1953 रोजी ब्रिटिश कंपनी बीओएसीचे 'कॉमेट' जेट सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले. ते सुखरूप थांबले. मात्र तेथून उडाले ते सुमारे नऊ दिवसांनी. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 विमानाकडून तीच चूक झाली. ते धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले आणि दुरुस्त करता येणार नाही इतके मोडले. प्राणहानी झाली नाही.

या दोन घटनांतून दिसते की विमान एखाद्या धावपट्टीवर थांबू शकले म्हणून ती त्याला पुरेशी ठरत नाही. प्रवासी जेटच्या उड्डाणाचे नियोजन करताना, उपलब्ध लांबीच्या 60 टक्क्यांत विमान थांबेल असे साधारणपणे धरावे लागते. जुहूच्या बाबतीत हे अंतर 685 मीटरच्या आसपास भरते. धावपट्टी ओली असेल तर आणखी जागा राखून ठेवावी लागते. उड्डाणाच्या वेळी ऐन वेगात एक इंजिन बंद पडले, तरी उरलेल्या धावपट्टीवर थांबता यावे किंवा सुरक्षित वर चढता यावे, हेही पाहावे लागते. वजन, उष्णता आणि उंची वाढली की लागणारे अंतर वाढते. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आहे. तेथील हवा जुहूपेक्षा विरळ असल्याने त्याच विमानाला तेथे अधिक लांब धावावे लागेल.

संगणकावरील विमान-सिम्युलेटरमध्ये मोठे जेट आखूड धावपट्टीवर सहज उतरवता येते, कारण अनेकदा टाक्यांत इंधन थोडे असते, प्रवासी नसतात आणि हवा शांत ठेवलेली असते. उड्डाणाचा खरा अनुभव हवा असेल, तर पूर्ण भार, त्या दिवसाचे तापमान आणि ओली धावपट्टी धरून आधी हिशेब करावा आणि त्यात न बसणारी धावपट्टी वगळावी. जुहू विमानतळ आज प्रामुख्याने हेलिकॉप्टर आणि लहान विमानांसाठी वापरला जातो. त्याच्या धावपट्टीच्या लांबीला हाच वापर साजेसा आहे.