एका भांड्यात एक देव

इजिप्त म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिरॅमिड येतात आणि सोन्याचा मुखवटा चढवलेला तुतनखामन येतो. शाळेच्या पुस्तकाने आपल्याला एवढाच इजिप्त दिला. राजा मेला, त्याच्या देहाची ममी झाली, भोवती दागदागिने ठेवले गेले आणि इतिहास संपला. पण इजिप्तच्या वाळूखाली पुरलेल्या ममींची मोजदाद करू गेले तर हे राजे कुठल्या कुठे हरवून जातात. तिथे संख्येने सर्वांत अधिक ममी आहेत त्या पशुपक्ष्यांच्या. मांजरे, कुत्रे, ससाणे, मगरी, वानरे आणि आयबिस नावाचा, आपल्याकडच्या पांढऱ्या शराटीचा भाऊबंद असलेला पक्षी. त्या राजांसाठी केलेल्या नव्हत्या. त्यांतल्या बहुसंख्य ममी देवळात आलेल्या माणसांनी आपल्या पदरच्या पैशाने देवाला वाहिलेल्या होत्या. म्हणूनच राजांच्या थडग्यांपेक्षा ही जनावरांची तळघरे मला अधिक बोलकी वाटतात. श्रद्धा कोणाची, पैसा कोणाचा, श्रम कोणाचे आणि लाभ कोणाचा, हे चारही प्रश्न तिथे एकाच जागी भेटतात.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इजिप्शियन लोक सरसकट प्रत्येक जनावराला देव मानीत, असे युरोपियन प्रवाशांनी लिहून ठेवले आणि पुढे त्याची टिंगलही झाली. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. काही जनावरे खरोखरच देवाचा जिवंत अंश मानली जात. मेम्फिसचा एपिस बैल हा त्यांतलाच एक. एका वेळी एकच एपिस असे आणि तो मेल्यावर त्याचे दफन राजासारखे होई. या बैलांची भुयारे ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच संशोधकाने १८५० नंतर सक्कारा येथे उजेडात आणली. परंतु लाखांनी सापडणाऱ्या ममी या वर्गातल्या नव्हेत. त्या नवसाच्या वस्तू होत्या. थोथ या विद्येच्या देवाला आयबिस किंवा वानर, होरसला ससाणा, बास्तेत देवीला मांजर, अनुबिसला कुत्रा, सोबेकला मगर. यात्रेकरू येई, ममी विकत घेई, पुजाऱ्याच्या हाती देई आणि आपले गाऱ्हाणे देवाच्या कानी जाईल या आशेने घरी परते.

ही प्रथा जुनी असली तरी तिचा खरा पसारा उशिराचा. इ. स. पू. ६६४ नंतरचा उत्तरकाल, पुढे ग्रीक टॉलेमी राजांची सत्ता आणि त्यानंतरची रोमन राजवट, असा तिचा बहर आहे. म्हणजे इजिप्तचे स्वतःचे राज्य खिळखिळे होत होते, परके राज्यकर्ते एकामागून एक येत होते, त्याच काळात देवळांतील ममींची रास वाढत गेली. सत्ता परक्याची झाली की माणूस आपल्या देवाला अधिक घट्ट धरतो, हे यामागचे एक कारण असावे. दुसरे कारण असे की देवळांनाही उत्पन्न हवे होते.

पसारा केवढा, हे आकड्यांवरून कळते. वॉल्टर एमरी हा ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ १९६४ साली उत्तर सक्कारात खोदू लागला तो इम्होतेपच्या थडग्याच्या शोधात. इम्होतेप हा पहिल्या पिरॅमिडचा शिल्पकार मानला जातो. एमरीला इम्होतेप सापडला नाही. त्याला सापडली आयबिसांनी भरलेली भुयारे. मातीच्या निमुळत्या भांड्यात एकेक पक्षी, भांड्याचे तोंड गिलाव्याने बंद केलेले, आणि अशा भांड्यांच्या छतापर्यंत रचलेल्या थप्प्या. या पक्ष्यांची संख्या लाखांत नव्हे, दशलक्षांत मोजावी लागते. तिथून जवळच अनुबिसचे भुयार आहे. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार त्या एका भुयारात सुमारे ८० लाख जनावरे ठेवली गेली होती, बहुतांशी कुत्री. त्यांतली कितीतरी पिल्ले जन्मून काही तास किंवा काही दिवस झालेली. एवढी पिल्ले आपोआप मेली असतील, हे संभवत नाही. ती त्यासाठीच जन्माला घातली गेली होती.

येथे एक विसंगती समोर येते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की इजिप्तमध्ये आयबिस किंवा ससाणा मारणाऱ्याला देहदंड होता, मग तो चुकून मारलेला असो वा जाणून. डिओडोरस हा दुसरा ग्रीक लेखक इ. स. पू. ६० च्या सुमारास इजिप्तमध्ये होता. एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेले तेव्हा जमावाने त्याचा जीव घेतला. राजाचे अधिकारी मध्ये पडले तरी तो वाचला नाही, असे त्याने स्वतः पाहून लिहिले आहे. आता याच्या शेजारी दुसरा पुरावा ठेवा. लंडनच्या संग्रहालयातील मांजरांच्या ममींचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक मांजरे दोन वयोगटांतली निघाली: एक ते चार महिन्यांची आणि नऊ ते बारा महिन्यांची. कित्येकांच्या माना मोडलेल्या होत्या. रस्त्यावर मांजर मेले तर माणसाचा जीव जातो, आणि देवळाच्या आवारात तेच मांजर मान पिरगाळून मारले जाते. पाप आणि पुण्य यांच्यातला फरक कृतीत नव्हता. ती कृती कोणाच्या हातून, कोणाच्या अधिकाराखाली होते, यात होता. धर्मसत्तेचे हे लक्षण ओळखायला आपल्या वाचकाला फार सायास पडू नयेत.

ममी तयार करण्याचे काम सोपे नव्हते. देह नेट्रॉन नावाच्या खाराने सुकवायचा, तेल, राळ, मेण लावायचे, मग लिननच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वर कधी नक्षीदार विणीचा चौकटींचा साज चढवायचा. माणसांच्या ममीसाठी वापरली जाणारी द्रव्येच जनावरांसाठीही वापरली जात, हे २००४ मधील रासायनिक तपासणीने दाखवून दिले. म्हणजे हे काम जाणकार हातांचे होते. त्याशिवाय जनावरे पाळणारे, त्यांना दाणापाणी घालणारे, पक्षी पकडणारे, कुंभार, विणकर, भुयारे खोदणारे, असा मोठा श्रमिकवर्ग या व्यवहारावर जगत होता. आयबिस शेतांत वाढवले जात की दलदलीतून पकडून आणले जात, हा वाद आहे. २०१९ साली त्यांच्या जनुकांची जी तपासणी प्रसिद्ध झाली ती पकडून आणण्याच्या बाजूने झुकते.

आता भांड्याच्या आत काय होते ते पाहू. मँचेस्टरच्या संशोधकांनी सुमारे आठशे ममी क्ष-किरणांखाली व स्कॅनखाली घातल्या आणि २०१५ साली निष्कर्ष सांगितला. ढोबळमानाने एक तृतीयांश ममींत पूर्ण जनावर होते, एक तृतीयांशांत थोडीफार हाडे होती, आणि उरलेल्या एक तृतीयांशांत जनावराचे हाड म्हणून नव्हते. चिखल, काटक्या, गवत, पिसे, अंड्यांची टरफले यांनी आकार भरला होता. बाहेरून मात्र तीच सुबक गुंडाळी.

पुजाऱ्यांनी गरीब यात्रेकरूला लुबाडले, असा निकाल देऊन मोकळे व्हावेसे वाटते. मी तो घाईने देणार नाही. देवळाच्या आवारातील पीस आणि माती हेही पवित्रच, अंशात पूर्णाचे तेज असते, अशी समजूत असू शकते आणि काही संशोधक तसेच मानतात. परंतु या प्रश्नावर त्याच काळच्या, त्याच व्यवस्थेतल्या एका माणसाची साक्ष आपल्याकडे आहे. त्याचे नाव होर. इ. स. पू. दुसऱ्या शतकात तो सक्काराच्या आयबिस-सेवेत लेखनिक होता. खापरांवर डेमॉटिक लिपीत लिहिलेले त्याचे कागद, कागद म्हणजे अर्थात खापरच, एमरीच्या उत्खननात मिळाले आणि जॉन रे यांनी ते १९७६ साली प्रसिद्ध केले. साठ हजार आयबिसांच्या अन्नाचा उल्लेख त्यांत आहे. पक्ष्यांच्या सेवेत गैरप्रकार चालले आहेत, अशी तक्रार होर करतो. चौकशी झाली, काही सेवकांना अटक झाली, आणि नियम घालून दिला गेला: एका भांड्यात एक देव. असा नियम घालावा लागतो याचा अर्थ तो मोडला जात होता. रिकाम्या भांड्याची लाज त्या काळच्या माणसालाही वाटत होती. होर देव नाकारीत नव्हता, तो स्वप्ने पाहणारा श्रद्धाळू माणूस होता. पण देवाच्या नावावर चाललेला व्यवहार सचोटीचा असावा असे म्हणण्याचे धाडस त्याने केले. श्रद्धेच्या आतूनही हिशेब मागता येतो, हे त्याच्या खापरांवरून शिकावे.

अटक मात्र सेवकांना झाली, हेही विसरू नये.

मेलेल्या देहाला हात लावणारा माणूस कोण, हा प्रश्न आपल्याला पुस्तकांत शोधावा लागत नाही. इजिप्तबद्दल डिओडोरसने एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली आहे. माणसाची ममी करताना देहाच्या डाव्या कुशीवर पहिला छेद घेणारा एक वेगळा माणूस असे. छेद घेताच तो पळत सुटे आणि उपस्थित लोक शिव्याशाप देत त्याच्यावर दगड फेकीत. नंतर त्याच देहाला खार आणि तेल लावणारे मात्र सन्मानित, पुजाऱ्यांबरोबर वावरणारे. काम एकच, देह एकच. पण दोष सगळा एकाच्या माथी. हिरोडोटस तर डुकरे पाळणाऱ्यांबद्दल सांगतो की त्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांच्याशी कोणी सोयरीक करीत नसे, ते आपसातच लग्ने करीत. आणि डुकराचा स्पर्श झाला तर माणूस कपड्यांसकट नदीत बुडी मारी. हे वाचून अंगावर काटा येतो. तरीही एवढ्यावरून इजिप्तमध्ये आपल्यासारखी जातिव्यवस्था होती असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. ही परक्या प्रवाशाची नोंद आहे. अमार्नाच्या कामगारवस्तीत डुकरे पाळण्याच्या जागा सापडल्या आहेत. सामान्य लोक डुकराचे मांस खात होते. साम्य दिसले की लगेच समीकरण मांडण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. विटाळाची कल्पना जगात अनेक ठिकाणी उगवली. तिला जन्माशी आणि ग्रंथाशी जखडून टाकणारी व्यवस्था वेगळी गोष्ट आहे.

राबणाऱ्यांचा आवाज या साऱ्यात कुठे आहे? तो अनपेक्षित जागी सापडतो. थोथ देवाला उद्देशून लिहिलेले एका सेवकाचे डेमॉटिक पत्र उपलब्ध आहे. वरच्या माणसाने आपल्याला छळले, आपले उत्पन्न हिरावले, आता माणसांत आपला वाली कोणी नाही, तूच माझा धनी, असा त्याचा आशय आहे. दुसरी जागा त्याहून विलक्षण. १९०० सालच्या जानेवारीत ग्रेनफेल आणि हंट हे दोन इंग्रज विद्वान फायूममधील तेब्तुनिस येथे खोदकाम करीत होते. माणसांची थडगी मिळण्याऐवजी मगरींच्या ममीच मिळत गेल्या. वैतागून एका मजुराने एक मगर फोडली, आणि तिच्या आत पपायरसचे जुने कागद निघाले. मगरीला आकार देण्यासाठी रद्दी वापरली होती. त्या रद्दीत केर्केओसिरिस या खेड्याच्या मेंखेस नावाच्या कुळकर्ण्याचे दप्तर होते: जमिनीच्या नोंदी, सारा, फिर्यादी. आयबिसांच्या पोषणासाठी लावून दिलेल्या जमिनींच्या नोंदीही. त्याच दप्तरातून कळते की इ. स. पू. ११४ मध्ये त्या गावच्या राजशेतकऱ्यांनी काम टाकले आणि ते देवळाच्या आश्रयाला गेले. ज्या मजुराने ती मगर फोडली त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. शोध विद्वानांच्या नावावर जमा झाला.

या कथेचा शेवट व्यापाराचा आहे. ख्रिस्ती धर्म पसरला, चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राटाने जुनी देवळे बंद केली आणि भुयारे वाळूखाली गेली. १८८८ साली मध्य इजिप्तमधील बेनी हसनजवळ एका शेतकऱ्याला मांजरांच्या ममींची रास लागली. १८९० साली सुमारे १ लाख ८० हजार मांजरे, वजनाने सुमारे १९ टन, जहाजाने लिव्हरपूलला गेली आणि खत म्हणून लिलावात विकली गेली. लिलाव पुकारणाऱ्याने हातोडीऐवजी मांजराची कवटी वापरली, असे सांगतात. इजिप्तच्या पुजाऱ्याने भाविकाच्या आशेचा भाव ठरवला होता. इंग्रज व्यापाऱ्याने तो टनावर आणला. दोन्ही वेळा, ज्याने ती पट्टी गुंडाळली आणि ज्याने ती विकत घेतली, त्यांना कोणी विचारले नाही.

आज संग्रहालयात अशी ममी काचेआड असते. पाटीवर देवाचे नाव असते, जनावराचे नाव असते, काळ असतो. ते सगळे वाचावे. मग त्या कापडाची एकावर एक घडी बारकाईने पाहावी. आत पक्षी असो वा चिखल, ती घडी खऱ्या हातांनी घातलेली आहे, आणि तिच्यासाठी कोणीतरी खऱ्या घामाचे दाम मोजलेले आहे. इतिहास लिहायचा तर तो तिथून लिहायला हवा.